चार चर्च, एक पाळक आणि रविवारचं वेळापत्रक

वायव्य लंडनच्या उपनगरातल्या आमच्या चार अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चना मिळून एक नवा पाळक हवा आहे. आधीचे व्हिकर निवृत्त झाल्यापासून जागा रिकामी आहे आणि ती कशी भरायची यावर चारही मंडळ्यांत जोरदार वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, दिवस बदललेत. चार इमारती, चार हिशेब, चार समित्या सांभाळणारा, तरुण कुटुंबांना खेचून आणणारा खमका माणूस बघा. दुसरी बाजू म्हणते, चर्च एकत्र जोडली तिथेच चूक झाली. पूर्वीसारखा प्रत्येकाला आपापला पाळक द्या, नाहीतर बिशपांच्या धर्मप्रांताला आम्ही वर्गणी का द्यायची? दोन्हीकडची तळमळ खरी आहे. पण दोघंही ‘माणूस कसा हवा’ यावरच अडून बसले आहेत, आणि तो प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा, की त्या माणसाने रविवारी सकाळी कुठे असायचं, आणि किती वेळ? माझं म्हणणं सरळ आहे. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी, फक्त दीक्षित पाळकच चालवू शकतो. एक पाळक घाई न करता जितक्या प्रभुभोजनाच्या उपासना चालवू शकेल तितक्याच आपण ठेवाव्यात, बाकीच्या उपासना मंडळीतल्या माणसांनी चालवाव्यात, आणि हे सगळं जाहिरात देण्याआधी ठरवून जाहिरातीत लिहावं. तेवढी तयारी नसेल तर जाहिरात देऊच नये.

इथली नेमणुकीची पद्धत महाराष्ट्रातल्या वाचकांना अनोळखी वाटेल. नगर जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत मी वाढले तिथे बिशपांकडून बदलीचा कागद यायचा. जुन्या पाळकसाहेबांना निरोप, नव्यांना हार, आणि पुढच्या रविवारी उपासना नेहमीसारखी सुरू. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत आजही बहुतेक ठिकाणी असंच चालतं. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या ठरलेल्या हद्दीला, एक पेट्रन असतो. कुठे तो बिशप असतो, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, कुठे राजसत्ता, तर कुठे एखादं विश्वस्त मंडळ. पाळकाचं नाव सुचवण्याचा हक्क त्याचा. मात्र १९८६च्या कायद्याने पॅरिश समितीने निवडलेल्या प्रतिनिधींना ते नाव नाकारण्याचा अधिकार दिला. बिशपांनी ही प्रक्रिया स्थगित केलेली नसेल, तर मंडळीला नको असलेला माणूस तिच्यावर सहसा लादता येत नाही. शिवाय पॅरिशचं वर्णन समितीनेच लिहायचं असतं: आम्ही कोण, आमच्या गरजा काय, आम्हाला पाळक कसा हवा. त्या मजकुराच्या आधारे चर्च टाइम्ससारख्या साप्ताहिकात जाहिरात जाते, मग अर्ज येतात आणि मुलाखती होतात. म्हणजे आमच्या हातात चांगलीच सत्ता आहे. तिचा उपयोग आम्ही काय मागायला करतो आहोत, हे म्हणूनच तपासून पाहिलं पाहिजे.

परिस्थिती काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त ती मोठ्याने कुणी बोलत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १२,५०० पॅरिश आणि १६,००० चर्चच्या इमारती आहेत. पगारी पाळक सात हजारांच्या घरात, आणि तेही सगळे पॅरिशमध्ये नाहीत. २०२० नंतर पाळकाच्या प्रशिक्षणासाठी निवडल्या जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. नियमित उपासक २०१९मध्ये ११ लाखांच्या आसपास होते, २०२४मध्ये ते १० लाखांच्या थोडे वर होते. आमच्या उपनगराची घडण मात्र वेगळ्याच काळातली. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेची शेतं जाऊन जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा, म्हणजे १९३०च्या दशकात, लंडनच्या बिशपांनी पंचेचाळीस नव्या चर्चसाठी निधी उभारायला घेतला. प्रत्येकाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर चर्च हवं, ही कल्पना मोठ्या मनाची होती. त्या विटांच्या भव्य इमारती आजही उभ्या आहेत. त्या भरायला तेव्हा जितकी माणसं होती आणि चालवायला जितके पाळक होते, तितके आता नाहीत. ‘आपापला पाळक द्या’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवून बोलावं. साडेबारा हजार पॅरिशना पुरतील इतके पाळक कुठल्याच बिशपाच्या खिशात नाहीत, आणि वर्गणी अडवून धरली तर आहेत तेही कमी होतील.

आमच्याकडचा रविवार कसा जात होता ते सांगते. पहिल्या चर्चमध्ये साडेआठची उपासना, दुसऱ्यात दहाची, तिसऱ्यात साडेअकराची, चौथ्यात संध्याकाळची. शेवटचा आशीर्वाद उच्चारून पाळक दाराशी उभे राहत, चार जणांशी हात मिळवत, आणि अंगावरचा झगा न उतरवता गाडीकडे निघत. मागे हॉलमध्ये चहाचं पाणी उकळत असे, बिस्किटांच्या बशा मांडलेल्या असत. एका रविवारी, तरुणपणी जमैकाहून आलेल्या आणि नुकताच नवरा गमावलेल्या एक बाई दाराशी त्यांचा हात धरून काहीतरी सांगू लागल्या. ऑर्गन जोरात वाजत होता आणि मागे रांग खोळंबली होती. पाळक वाकून म्हणाले, ‘मंगळवारी नक्की फोन करतो.’ त्यांनी तो केलाही. बाई फोनवर म्हणाल्या, सगळं ठीक आहे. त्या दाराशी काय सांगणार होत्या ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. तो माणूस कामचुकार नव्हता, कोरडाही नव्हता. त्यांच्या जागी कुणीही कितीही कुशल असता, तरी दहाच्या उपासनेला त्याला पोहोचावंच लागलं असतं. ज्या वेळापत्रकाने एका भल्या पाळकाला दाराशी दोन मिनिटं थांबू दिलं नाही, तेच वेळापत्रक आपण पुढच्या माणसाच्या हाती देणार आणि वर म्हणणार, यावेळी जरा जास्त उत्साही उमेदवार शोधू या?

जाहिरातीच्या मसुद्यात जे गुण मागितले जात आहेत ते वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले. प्रेरणा देणारा उपदेशक हवा, मुलांत रमणारा हवा, जुन्या छपरांची आणि बॉयलरची कामं समजणारा हवा, निधी उभारणारा, शाळेच्या व्यवस्थापनात बसणारा, समाजमाध्यमं वापरणारा, परंपरा जपणारा आणि तरी बदल घडवणारा हवा. शक्यतो तरुण, शक्यतो मुलंबाळं असलेला. प्रत्येक मंडळीने आपली एकेक अपेक्षा घातली आणि दुसऱ्याची एकही कापली नाही, त्यामुळे यादी चौपट झाली. बायबलमधला संदेष्टा शमुवेल इशायाच्या घरी राजा निवडायला गेला तेव्हा थोरला उंचापुरा मुलगा पाहून त्याला वाटलं होतं की हाच तो. तिथे त्याला सांगण्यात आलं, ‘मानव बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो.’ ज्याला निवडायचं होतं तो धाकटा दावीद मेंढरं राखत होता. त्याला कुणी त्या रांगेत उभंच केलं नव्हतं. आमच्या मसुद्यातल्या अटी लावल्या तर असे किती जण अर्जच करणार नाहीत, याचा विचार झाला आहे का? पन्नाशीत दीक्षा घेतलेली विधवा नर्स, एकटा राहणारा अबोल पण लोकांच्या घरी जाणारा माणूस, इंग्रजी दुसरी भाषा असलेला नायजेरियन पाळक, हे सगळे ती जाहिरात वाचून पान उलटतील.

इतिहासातलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. चार्ल्स सिमियन १७८२मध्ये केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चचा पाळक झाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मंडळीला तो नको होता. त्यांना तिथला सहाय्यक पाळक हवा होता. लोकांनी आपल्या मालकीच्या, दारं असलेल्या बाकांना कुलपं लावली. सिमियनने स्वतःच्या पैशाने मोकळ्या जागेत बाकं ठेवली, तर वॉर्डनांनी, म्हणजे मंडळीतून निवडलेल्या कारभाऱ्यांनी, ती उचलून बाहेर फेकली. पुढे हाच माणूस त्या चर्चमध्ये ५४ वर्षं राहिला, १८३६मध्ये मरेपर्यंत. त्याच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं होतं. त्याच्या प्रभावाखाली घडलेले कितीतरी तरुण पाळक हिंदुस्थानात आले. त्याचा सहाय्यक हेन्री मार्टिन हा त्यांतलाच. आजही अनेक पॅरिशमध्ये पाळक सुचवण्याचा हक्क सिमियनने स्थापलेल्या विश्वस्त मंडळाकडे आहे. यावर कुणी म्हणेल, मग मंडळीला विचारायचं तरी कशाला, वरून नेमा. हे म्हणणं मला सहज झटकून टाकता येत नाही. बदलीच्या कागदाने येणाऱ्या पाळकाला कुठल्या गटाचं देणं नसतं, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण सिमियनच्या गोष्टीत लोकांचं मन वरून आलेल्या नेमणुकीने वळवलं नाही, उलट तिनेच त्यांना चिडवलं होतं. मन वळलं ते तो तिथून हलला नाही म्हणून. एका गावात, एका चर्चमध्ये, तीच माणसं वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिली. हे भेटत राहणं आजच्या पाळकाला शक्य व्हावं अशी आपली रचना आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

व्यवस्थापनाची बाजू मांडणारे लोक मूर्ख नाहीत. आमच्या चारही चर्चचं मिळून छप्पर, वीज, विमा, बालसुरक्षेचे नियम, हॉलची भाडी, दफनभूमीची देखभाल यांचा व्याप एखाद्या मध्यम कंपनीइतका आहे. नियम मोडला तर शिक्षा होते, आणि बालसुरक्षेच्या बाबतीत या चर्चने पूर्वी इतकी भयंकर हयगय केली आहे की तिथे ढिलाई कुणीच मागू नये. ते लोक मोशेच्या सासऱ्याचा दाखला देतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला इथ्रो म्हणाला, अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर माणसं नेम. दाखला बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा काढला जातो. इथ्रोने मोशेला जास्त चांगला कारभारी हो असं सांगितलं नाही. कारभार वाटून दे आणि तू लोकांच्या वतीने देवासमोर उभा राहा, असं सांगितलं. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पाहा. विधवांच्या रोजच्या वाटपावरून यरुशलेमेत कुरबुर झाली तेव्हा प्रेषितांनी सात माणसं त्या कामाला नेमली आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा हातची सोडली नाही. पंगतीची व्यवस्था कमी महत्त्वाची होती म्हणून नव्हे. ती उत्तम व्हावी म्हणूनच ती दुसऱ्यांकडे दिली. आमच्या चार मंडळ्यांत हिशेबतपासनीस आहेत, बांधकामातले अभियंते आहेत, रुग्णालयात शेकडो लोकांची ड्युटी लावणाऱ्या परिचारिका आहेत. जागा रिकामी पडल्यापासून वॉर्डन आणि या लोकांनीच सगळं चालवलं आहे, आणि छप्पर कोसळलेलं नाही. मग जे काम आपण आज निभावतो आहोत तेच उद्या एका नव्या माणसाच्या गळ्यात का बांधायचं? चार चर्चना मिळून एक पगारी कार्यालयप्रमुख नेमा. त्याचा खर्च पाळकाच्या खर्चाहून कमी येतो, आणि ते काम त्याला पाळकापेक्षा चांगलं येतं.

इथे तिसरी एक बाजू बोलू लागते, आणि माझ्या मते सगळ्यांत ताकदीचा मुद्दा तिचाच आहे. सामान्य विश्वासी इतकं करू शकतात, तर पाळक हवाच कशाला? २०२१मध्ये चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दहा हजार नव्या मंडळ्या, त्याही मुख्यतः सामान्य विश्वासींनी चालवायच्या, अशी कल्पना मांडली गेली. ती मांडणाऱ्यांच्या बोलण्यात इमारत, पगारी पाळक आणि लांबलचक प्रशिक्षण या वाढीच्या आड येणाऱ्या गोष्टी ठरल्या. त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी पॅरिश वाचवण्याची चळवळ उभी राहिली. रागाच्या भरात दोन्हीकडून बरंच काही बोललं गेलं. मी नगरकडची असल्यामुळे मला या प्रश्नाकडे परक्यासारखं पाहता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनऱ्यांच्या काळात आमच्याकडच्या खेड्यांतली मंडळी जगवली ती शाळामास्तरांनी. दिवसा मुलांना बाराखडी शिकवायची, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना चालवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मयताला पुढे व्हायचं. दीक्षित पाळक अधूनमधून यायचे, बाप्तिस्मे द्यायचे, प्रभुभोजन व्हायचं, आणि ते पुढच्या गावी जायचे. त्या मंडळ्या मेल्या नाहीत; त्यांतूनच आजच्या मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग उभा राहिला. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू की पाळकाशिवाय चालतच नाही?

चालतं, पण कशामुळे चाललं ते पाहायला हवं. मास्तर त्या गावात राहत होता. त्याचं घर सगळ्यांना माहीत होतं, आणि रात्री दार वाजवलं तर तो उठायचा. त्याचा दिवस त्या लोकांना दिलेला होता आणि त्यासाठी त्याला पगार होता, तुटपुंजा का होईना. आमच्या उपनगरातला सामान्य विश्वासी सकाळी सातच्या गाडीने शहरात जातो आणि संध्याकाळी साताला परततो. त्याने रविवारी उत्तम उपासना चालवावी, उपदेशही करावा. तेवढी क्षमता त्याच्यात नक्की आहे. पण बुधवारी दुपारी दोन वाजता हॉस्पिसमध्ये मरणाला टेकलेल्या माणसाशेजारी कोण बसणार? रोज संध्याकाळपर्यंत मोकळा असलेला, ज्याचं काम म्हणजे लोकांसाठी उपलब्ध असणं, असा एक तरी माणूस मंडळीला लागतो. खेड्यातली ती रचना आम्हाला पाळक काढून टाकायला शिकवत नाही. रविवारचा भार वाटून घ्या आणि आठवड्याचे दिवस एका माणसाला मोकळे ठेवा, हे ती शिकवते. आमच्याकडे सध्या नेमकं उलट होतं: रविवारी पाळक धावतो, आणि आठवडाभर तो समित्यांत बसतो.

इंग्लंडने एका पाळकाकडे अनेक पॅरिश असण्याची रीत पूर्वी भोगलेली आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला एकच माणूस दोन-तीन पॅरिशचं उत्पन्न घ्यायचा, स्वतः भलतीकडेच राहायचा, आणि तुटपुंज्या पगारावर सहाय्यक ठेवून काम भागवायचा. लोक इतके संतापले की १८३८मध्ये संसदेने कायदा करून एका पाळकाने किती आणि किती अंतरावरच्या पॅरिश धराव्यात यावर बंधनं घातली. पॅरिश वाचवणारे हा इतिहास सांगतात आणि म्हणतात, तीच जुनी लबाडी नव्या नावाने परत आली. ही तुलना अन्यायाची आहे. तेव्हाचे पाळक हावेपोटी अनेक जागा धरून बसत होते; आजचे पाळक नाइलाजाने अनेक जागांचं ओझं वाहतात, आणि तेही एकाच मानधनावर. चर्च एकत्र जोडली की ती हमखास ओसरतात, हा दावाही मी वापरणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या २०१४च्या संशोधनाने तसं सुचवलं होतं. पुढे आकडे पुन्हा तपासले तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. जोडणीमुळेच मंडळी मरते असं सिद्ध झालेलं नाही, हे मान्य करून बोलू या. पण १८३८च्या कायद्यामागची तक्रार पैशाची तेवढीच नव्हती. पाळक दिसत नाही, ही ती तक्रार होती. झगा न उतरवता गाडीत बसणारा पाळक प्रामाणिक असला, तरी मागे राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने तोही निघून गेलेलाच असतो.

माझ्या सूचनेला सगळ्यांत मनापासूनचा विरोध वेदीजवळच्या लोकांचा आहे. दर रविवारी, प्रत्येक चर्चमध्ये प्रभुभोजन हे आमच्या श्रद्धेचं केंद्र आहे, ते पाळीपाळीने, म्हणजे प्रत्येक चर्चमध्ये महिन्यातून एकदाच, कसं करायचं? ज्यांच्या आठवड्याला त्या भाकरीने आणि द्राक्षारसाने अर्थ येतो, त्यांना हे वेळापत्रकाचं गणित वाटणार नाही, आणि मलाही वाटत नाही. पण आपण ज्याला सनातन समजतो ते किती जुनं आहे? १६६२च्या प्रार्थनापुस्तकात विश्वासीने वर्षातून निदान तीनदा, त्यात ईस्टरला नक्की, प्रभुभोजन घ्यावं असं म्हटलं आहे. अठराव्या शतकात पुष्कळ पॅरिशमध्ये ते वर्षातून तीन-चारदाच होत असे. रविवार सकाळची मुख्य उपासना म्हणजे प्रभुभोजन, ही रीत बहुतेक पॅरिशमध्ये रुळली ती विसाव्या शतकात, त्यासाठी झालेल्या चळवळीतून. ती चळवळ चांगली होती. पण तिची सगळी कल्पना अशी होती की सगळी मंडळी एका वेदीभोवती एकत्र यावी. तेरा माणसांसाठी इथे आणि सतरा माणसांसाठी तिथे, मध्ये पाळकाची गाडी, हे त्या चळवळीचं स्वप्न नव्हतं. २०१९मध्ये सिनडने, म्हणजे चर्चच्या नियम करणाऱ्या सभेने, नियमही बदलला: गटातल्या प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी उपासना झालीच पाहिजे, हे बंधन आता नाही. चार चर्चपैकी एका ठिकाणी, पाळीपाळीने, सगळ्यांनी जमावं. पाळकाने तिथे दुपारपर्यंत थांबावं, जेवावं, ज्यांना बोलायचंय त्यांचं ऐकावं. बाकी तीन ठिकाणी परवानाप्राप्त सामान्य सेवकांनी सकाळची प्रार्थना चालवावी. ज्या म्हाताऱ्या माणसांना बस बदलून जाता येत नाही, त्यांच्यासाठी गाड्यांची सोय करावी, आणि घरी प्रभुभोजन पोहोचवावं. ते पोहोचवायला पाळकाकडे मग वेळ असेल.

माणूस कसा हवा, या प्रश्नावर थोडंच सांगते, कारण तो भाग मला तुलनेने सोपा वाटतो. चारपैकी एका चर्चने स्त्री पाळक नको असा ठराव केलेला आहे. चर्चच्या नियमांनी त्यांना तो हक्क दिला आहे, आणि त्यांच्या विवेकाची मी टिंगल करणार नाही. पण एका मंडळीच्या ठरावामुळे चौघांच्या जाहिरातीतून अर्धे उमेदवार बाद होणार असतील, तर त्या मंडळीने वेगळी व्यवस्था मागावी. १९९४मध्ये ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्या बत्तीस स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि २०२५मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सॅरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट आठवते. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये याच इंग्लंडात, वाँटेजला, बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं घाटत होतं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनीच हरकत घेतली. तिच्याइतकी विद्वान बाई त्या चर्चच्या पदरात आली होती आणि चर्च तिला कुणापुढे उभं करू नये याची काळजी करत होतं. रमाबाई शेवटी अँग्लिकन चौकटीत रमल्या नाहीत. त्यात नुकसान कुणाचं झालं?

वंशाचा प्रश्नही याच जातीचा. २०२० साली एका कृष्णवर्णीय उमेदवाराला सहाय्यक पाळकाच्या जागेसाठी नकार देताना, पॅरिश गोऱ्या कामगार वस्तीची आहे, तुम्हाला तिथे अवघडल्यासारखं होईल, असं कळवण्यात आलं होतं. तेव्हा आर्चबिशपांसह सगळ्यांना लाज वाटली. आमच्या बाकांवर कॅरिबियन, नायजेरियन, तमिळ, पंजाबी माणसं बसतात. आमच्या मसुद्यात ‘आमच्याशी जुळवून घेणारा’ हे शब्द मात्र तसेच आहेत. आमच्याशी म्हणजे कुणाशी? पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशातून, म्हणजे महाराष्ट्रातल्या चर्चमधून, पाळक आणू या, असं कुणीतरी सुचवलं आणि माझ्याकडे पाहिलं. कायद्याने ते शक्य आहे. तरी मला ते पटत नाही. मराठवाड्यात आणि नगरकडे एकेका पाळकाकडे कितीतरी गावं असतात. तिथला पाळक पौंडाच्या जोरावर इथे आणणं म्हणजे आपली टंचाई गरिबांच्या दारात ढकलणं झालं. कुणी आपणहून आला असेल तर आनंदाने घ्या. मुद्दाम ओढून आणू नका.

चारही समित्यांच्या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेखही नाही. पाळक फक्त उपासकांचा नसतो. पॅरिशच्या हद्दीत राहणारा प्रत्येक जण, त्याचा धर्म कोणताही असो, पाळकाच्या काळजीत धरला जातो. आमच्या भागातल्या मराठी, गुजराती, तमिळ हिंदू घरांचाही त्यात समावेश आहे. त्यांची मुलं चर्चच्या शाळेत जातात. त्यातल्या एका मराठी कुटुंबातले आजोबा इस्पितळात असताना पाळक रोज संध्याकाळी डोकावून जात. प्रार्थना करू का, असंही त्यांनी विचारलं नाही. नुसते खुर्ची ओढून क्रिकेटवर बोलत बसत. त्या घराला आजही दुसरं कुठलंच चर्च माहीत नाही, पण तो माणूस माहीत आहे. नव्या पाळकाच्या कामाची मोजणी रविवारच्या डोक्यांवरून करणार असू, तर ही संध्याकाळ कुठल्या रकान्यात भरायची? तरुण कुटुंबं येतील ती अशाच ओळखीतून येतील. चर्चच्या शाळेच्या प्रवेशाच्या अर्जावर पाळकाची सही हवी म्हणून येणारी कुटुंबं सही मिळाली की जातात, हा अनुभव प्रत्येक उपनगरी चर्चला आहे. त्यांतली काही थांबली, ती कुणीतरी त्यांच्या घरी गेलं म्हणून.

आता कामाचं बोलते. समित्यांची संयुक्त बैठक होईल तेव्हा जाहिरातीचा मसुदा विषयपत्रिकेवर पहिला ठेवू नये. आधी रविवारच्या वेळापत्रकाचा ठराव घ्यावा, आणि तो चारही ठिकाणी मंजूर झाला पाहिजे. त्यानंतर कार्यालयप्रमुखाच्या पगाराची तरतूद, आणि कोणत्या समित्यांना पाळकाने बसायची गरज नाही याची यादी. मग मसुदा. त्यात पाळकाकडून काय हवंय याच्या आधी आम्ही काय करणार आहोत हे यावं, नावानिशी: सकाळची प्रार्थना कोण चालवेल, इमारती कोण पाहील, म्हाताऱ्यांना गाडीने कोण आणेल. हे भरता आलं नाही, कुणीच पुढे झालं नाही, तर चारपैकी एखादी इमारत आपल्याला आता झेपत नाही हे कबूल करून त्यावर स्वतंत्र बैठक घ्यावी, ती कितीही कठीण असली तरी. प्रतिनिधींना नाव नाकारण्याचा अधिकार आहे, तसा चांगल्या उमेदवारालाही आम्हाला नाकारण्याचा अधिकार आहे. मुलाखतीच्या दिवशी तो किंवा ती विचारेल, ‘रविवारी मी कुठे असेन, आणि तिथे किती वेळ थांबता येईल?’ त्या प्रश्नाचं उत्तर चारही चर्चच्या वॉर्डनांनी एकच दिलं पाहिजे.